लाव्हारसापासून बनलेल्या कातळ किनाऱ्यांची रूपे एकमेकांपासून इतकी वेगळी का असतात?

प्रश्न (कातळफिरस्ता)

नमस्कार. भूशास्त्राचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. हौसेने वाचतो आणि जमेल तेव्हा खडकाळ किनाऱ्यांवर हिंडतो, त्यामुळे प्रश्नातच काही ढोबळ चूक असल्यास ती दाखवून द्यावी, ही विनंती.

गेल्या काही वर्षांत मी तीन काळे, खडकाळ किनारे पाहिले. पहिल्या किनाऱ्यावर पाच-सहा बाजूंचे दगडी खांब एकमेकांना खेटून उभे होते आणि त्यांची वरची टोके फरसबंदीसारखी पाण्यात उतरत गेली होती. दुसऱ्या ठिकाणी ओहोटीला जवळजवळ सपाट, विस्तीर्ण कातळ उघडा पडत होता. त्यावर उथळ डबकी, गोल खळगे आणि असंख्य बारीक छिद्रे होती, पण खांबांचा मागमूस नव्हता. तिसऱ्या किनाऱ्यावर उंच कडा होता, कड्याच्या पायथ्याशी विटकरी रंगाचा एक पट्टा, त्याच पट्ट्याच्या पातळीवर गुहांची रांग आणि समोर मोठमोठ्या शिळांचा ढीग होता. तिन्ही ठिकाणचा खडक बेसॉल्टच, असे तिथल्या माहितीत लिहिलेले होते.

खडक एक, लाटाही सर्वत्र लाटाच, मग रूपांत इतका फरक कशामुळे पडतो? दुसरी शंका अशी की, खडक सहा-सात कोटी वर्षांपूर्वीचा असेल तर समुद्र तितकी वर्षे त्यावर आदळत आला आहे, असे समजावे काय? आणि ती बारीक छिद्रे लाटांनी पाडलेली असतात, प्राण्यांनी की आणखी कशाने?

उत्तर (भूस्तर)

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर समुद्रापेक्षा लाव्हारसाच्या थंड होण्यात अधिक आहे. किनाऱ्याचा आराखडा खडक थिजतानाच बव्हंशी ठरलेला असतो. समुद्र पुढे त्या आराखड्यातल्या भेगा आणि कच्चे थर शोधून काढतो.

बेसॉल्टचा लाव्हारस बाहेर पडतो तेव्हा त्याचे तापमान साधारण ११०० ते १२०० अंश सेल्सियस असते. वरची बाजू हवेला आणि खालची बाजू जमिनीला लागून असल्यामुळे या दोन्ही बाजू लवकर थिजतात, तर मधला गाभा फार सावकाश निवतो. प्रवाह काही दशक मीटर जाड असेल तर गाभा पुरता थिजण्यास अनेक वर्षे लागतात. थिजलेला खडक निवताना आकसतो, परंतु आडव्या दिशेने त्याला सरकायला जागा नसते, म्हणून ताण साठत जातो आणि अखेर पृष्ठभागावर तडे जातात. साठलेला ताण कमीत कमी लांबीच्या तड्यांनी मोकळा व्हावा, या ओघात तड्यांचे जाळे षटकोनाकडे झुकते. हे तडे मग निवण्याचा पुढचा टप्पा येईल तसे टप्प्याटप्प्याने आत सरकतात, आणि दोन शेजारच्या तड्यांमध्ये राहिलेला भाग म्हणजे आपण पाहिलेला खांब. जवळून पाहिल्यास खांबांच्या बाजूंवर आडवे, बारीक पट्टे दिसतात. तडा एका दमात किती पुढे सरकला, याची ती खूणच असते.

हे तडे नेमके कोणत्या तापमानाला जातात, यावर बराच काळ वाद होता. लिव्हरपूल विद्यापीठातील संशोधकांनी आइसलँडमधील बेसॉल्टवर प्रयोग करून २०१८ मध्ये दाखवले की, सुमारे ९८० अंशांना थिजणारा हा खडक ८४० ते ८९० अंशांच्या दरम्यान तडकतो. म्हणजे दगड घट्ट झालेला असतो, पण अजून लालभडक असतो, त्या अवस्थेत खांबांची आखणी होते.

तडे थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोन करून वाढतात, म्हणून सपाट पसरलेल्या प्रवाहात खांब उभे असतात, तर जिथे लाव्हारस एखाद्या खळग्यात किंवा दरीत साचला तिथे ते कललेले किंवा पंख्यासारखे पसरलेले दिसतात. सावकाश निवलेल्या भागातले खांब जाड आणि नीटनेटके होतात. वरून पाणी शिरल्यामुळे जो भाग झपाट्याने निवतो, तिथे बारीक, वेड्यावाकड्या तड्यांचा गुंता तयार होतो. एकाच कड्यात खाली शिस्तबद्ध खांब आणि वर हा गुंता, अशी रचना पुष्कळदा आढळते. स्कॉटलंडजवळचे स्टाफा बेट याचा उत्तम नमुना आहे: तळाशी ज्वालामुखीच्या राखेचा खडक, मध्ये खांबांचा थर, वर आकारहीन लाव्हा, आणि खांबांच्या थरात समुद्राने कोरलेली फिंगलची गुहा. जोसेफ बँक्स यांनी १७७२ मध्ये या बेटाला भेट दिल्यानंतर त्याची कीर्ती युरोपभर पसरली.

आता समुद्राकडे वळू. उत्तर आयर्लंडमधील जायंट्स कॉजवे येथे सुमारे ४०,००० खांब आहेत, आणि त्यांची टोके पायऱ्यांसारखी खालीवर दिसतात. याचे कारण असे की उभ्या तड्यांखेरीज प्रत्येक खांब आडव्या तड्यांनीही तोडलेला आहे. या आडव्या तड्यांचे पृष्ठ वाटीसारखे खोलगट किंवा फुगीर असते, त्यामुळे खांब म्हणजे एकावर एक रचलेल्या जाड चकत्यांची उतरंड होऊन बसते. लाट आदळली की भेगेतली हवा दाबली जाते, लाट मागे फिरली की तीच हवा एकदम फैलावते, आणि हा खेळ सतत चालू राहिला की एकेक चकती सुटून निघते. इथे लाटांना खडक झिजवत बसावे लागत नाही; आधीच सुटे केलेले तुकडे त्या उचलून नेतात.

आपण पाहिलेला दुसरा, सपाट किनारा बहुधा अशा जागी असावा जिथे लाव्हारस एका जाड प्रवाहाऐवजी अनेक पातळ पदरांनी, एकावर एक असा पसरला होता. पातळ पदर लवकर निवतात, त्यांच्यात खांब नीट घडत नाहीत, आणि पदरांमधल्या आडव्या सांध्यांशी खडक थरथराने सुटत जातो. अशा कातळावर कुठे पिळलेल्या दोरखंडासारख्या वळ्या दिसल्या, तर तो लाव्हारसाच्या मूळ पृष्ठभागाचाच अवशेष समजावा. तिसऱ्या किनाऱ्यावरच्या विटकरी पट्ट्याबद्दल इथले इतर जाणकार अधिक नेमके सांगू शकतील.

जाता जाता एक खुलासा: खांब म्हणजे बेसॉल्टच, असे समीकरण मांडू नये. कर्नाटकातील माल्पेजवळच्या सेंट मेरी बेटांवरचे प्रसिद्ध खांब बेसॉल्टचे नसून सिलिकाचे प्रमाण अधिक असलेल्या आम्लधर्मी लाव्हाचे आहेत. ते सुमारे साडेआठ ते नऊ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे दख्खनच्या सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या बेसॉल्टहून पुष्कळ जुने आहेत.

उत्तर (ओहोटीवेळ)

विटकरी पट्टा आणि छिद्रे, या दोन्हींविषयी लिहितो.

दोन उद्रेकांच्या मध्ये बराच काळ लोटला की आधीच्या प्रवाहाचा माथा हवा-पाण्याने कुजून त्याची माती होते. कधी त्यावर राखेचाही थर बसतो. पुढचा प्रवाह या मातीवरून वाहतो तेव्हा ती भाजली जाते आणि तिच्यातले लोह ऑक्सिडीकरणाने लाल होते. जायंट्स कॉजवेच्या कड्यातही असा एक जाड, तांबडा, जांभ्यासारखा थर आहे, आणि दोन उद्रेककाळांमधली दीर्घ शांतता त्यावरूनच ओळखली जाते. हा थर चिकणमातीने समृद्ध असल्यामुळे भिजला की फुगतो, वाळला की आकसून भेगाळतो. लाटांच्या माऱ्यात तो वरच्या आणि खालच्या काळ्या खडकांपेक्षा कितीतरी लवकर पोखरला जातो. आधी आडवी खाच पडते, खाच खोल गेली की गुहा होते, आणि वरचा खडक उभ्या भेगांनी आधीच विभागलेला असल्यामुळे आधार गेलेला भाग अखंड शिळांच्या रूपाने कोसळतो. आपण कड्यासमोर पाहिलेला ढीग याच कोसळण्याचा असणार. तो ढीग काही काळ कड्याच्या पायथ्याचे लाटांपासून रक्षणही करतो; शिळा फुटून वाहून गेल्या की पोखरण्याची पुढची फेरी सुरू होते. अशा कड्याखाली बसण्याचा मोह टाळावा, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

छिद्रांचे उत्तर एकच नाही. लाव्हारसातले वायू वर येताना बुडबुड्यांच्या रूपात अडकतात, म्हणून प्रवाहाच्या वरच्या भागात पोकळ्यांची दाटी असते, मधला गाभा जवळजवळ भरीव असतो आणि तळाशी कधी कधी नळीसारख्या उभ्या पोकळ्या आढळतात. पुढे खडकात झिरपणाऱ्या पाण्यातून या पोकळ्यांत जिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी अशी खनिजे भरतात. किनाऱ्यावर कॅल्साइट विरघळून जाते, जिओलाइट भुसभुशीत होऊन निघून जाते, आणि पोकळी पुन्हा रिकामी होते. गारगोटी मात्र टिकते आणि पांढऱ्या गाठींसारखी वर उठून दिसते. याखेरीज लाटांच्या तुषारांतले मीठ खडकाच्या रंध्रांत स्फटिकरूप घेताना कण उचकटून काढते, त्यानेही मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी तयार होते. प्राण्यांचाही हातभार असतो, परंतु बेसॉल्टसारख्या कठीण खडकात तो मृदू चुनखडकाइतका ठळक नसतो.

फरक ओळखण्याची साधी रीत अशी आहे. मुळातच निखळून पडलेल्या एखाद्या ताज्या तुकड्याची आतली बाजू पाहावी. छिद्रे आतपर्यंत असतील, गोल किंवा एकाच दिशेला ताणलेली असतील, तर ती वायूची. केवळ बाहेरच्या पृष्ठावर, भरतीरेषेच्या वरच्या तुषारपट्ट्यात असतील, तर बहुधा मिठाची. आणि हात-दीड हात रुंद, गुळगुळीत भिंतींचे, तळाशी गोटे असलेले जे खळगे असतात ते रांजणखळगे होत. भेगेच्या छेदावर किंवा एखाद्या मोठ्या पोकळीत अडकलेला गोटा लाटांच्या भोवऱ्यात फिरत राहिल्याने ते घडतात.

उत्तर (शिलालेखक)

एक छोटी भर घालतो. किनाऱ्यावरचा प्रत्येक काळा, बारीक कणांचा, कठीण दगड लाव्हाच असतो असे नाही, आणि ही चूक पूर्वी भल्याभल्यांनी केलेली आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस, बेसॉल्ट हा समुद्राच्या पाण्यातून साकळलेला खडक आहे असे मानणारा एक मोठा पक्ष युरोपात होता. निकोला देमारे यांनी १७६३ मध्ये फ्रान्सच्या ओव्हेर्न्य प्रदेशात खांबांचा बेसॉल्ट थेट ज्वालामुखीच्या प्रवाहांशी जोडलेला पाहिला होता, तरीही वाद मिटला नव्हता. अशात जायंट्स कॉजवेपासून जवळच, पोर्टरश येथील किनाऱ्यावर, काळ्या कठीण खडकात अ‍ॅमोनाइट या सागरी प्राण्याचे जीवाश्म सापडले. विल्यम रिचर्डसन या धर्मगुरूंनी ते जलवादी पक्षाचा हुकमी पुरावा म्हणून मांडले. प्रत्यक्षात तो जुरासिक काळातला पंकाश्म, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेला खडक, होता; त्यात घुसलेल्या शिलारसाच्या उष्णतेने तो भाजून इतका कठीण आणि काळा झाला होता की शेजारच्या अग्निजन्य खडकापासून तो वेगळा ओळखणे अवघड व्हावे. म्हणून केवळ रंग आणि कठीणपणा यांवर विसंबू नये. पोकळ्या, प्रवाहाचे माथे, लाल थर असे काही सोबत आहे का, ते पाहावे.

उत्तर (सागरपातळी)

दुसऱ्या शंकेचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. खडकाचे वय आणि किनाऱ्याचे वय या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची गल्लत फार सहज होते.

जायंट्स कॉजवेचा लाव्हारस सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरला आणि त्यातला खांबांचा प्रवाह एका दरीत साचून निवला. आजच्या किनाऱ्याशी त्या घटनेचा काहीही संबंध नाही. वर सांगितलेला लाल, भाजलेल्या मातीचा थर हाच लाव्हा हवेत थिजल्याचा पुरावा आहे, कारण अशी माती उघड्या जमिनीवरच तयार होते. लाव्हारस पाण्याखाली बाहेर पडला असता तर त्याचे उशांसारखे गोलवे एकमेकांवर रचले गेले असते आणि प्रत्येकाला काचेची पातळ साल असती.

सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. हिम वितळत गेले तशी ती चढली आणि साधारण सहा-सात हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीच्या जवळपास आली. हिमाच्या ओझ्यातून मोकळी झालेली जमीन जिथे वर उचलली गेली, तिथला हिशेब वेगळा असतो. तो इथे बाजूला ठेवू. तात्पर्य, आजच्या लाटा आजच्या रेषेवर काही हजार वर्षेच आदळत आहेत.

मात्र इथेच एक पेच आहे, आणि भूस्तर यांच्या उत्तराला मला थोडी मुरड घालावीशी वाटते. कठीण बेसॉल्टमध्ये रुंद तरंगघर्षित चबुतरा, म्हणजे ओहोटीला उघडा पडणारा सपाट कातळ, घडण्यास सहा-सात हजार वर्षे पुरेशी आहेत का? अनेक ठिकाणी ती अपुरी वाटतात. सुमारे १,२५,००० वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा काही मीटर वर होता, आणि त्याआधीही तो आजच्या पातळीच्या आसपास अनेकदा येऊन गेला आहे. म्हणून कित्येक चबुतरे वारशाने मिळालेले असण्याची शक्यता आहे. आजचा समुद्र जुन्याच चबुतऱ्यावरचा मळ झाडतो आहे आणि कडा थोडा मागे सारतो आहे, इतकेच. शिवाय चबुतरा लाटांनीच कापला, असे ‘तरंगघर्षित’ हे पाठ्यपुस्तकातले नाव गृहीत धरते. भरती-ओहोटीने रोज दोनदा भिजणे आणि वाळणे, डबक्यांच्या काठांवर मिठाचे स्फटिक होणे, यांनी खडक आधी खिळखिळा होतो आणि लाटा नंतर तो उचलतात. या दोघांपैकी कोणाचा वाटा मोठा, यावर अभ्यासकांचे अजूनही एकमत नाही. खडकात तीन खुंट्या कायमच्या बसवून त्यांवर डायलचे मापक टेकवायचे आणि पृष्ठभाग किती खाली गेला ते वर्षानुवर्षे मोजायचे, अशी एक पद्धत यासाठी वापरली जाते. तिने चबुतरा किती वेगाने खचतो ते कळते, पण मोठी शिळा एका वादळात निखळली तर ती घटना या मोजमापात सापडत नाही.

लाव्हा म्हणजे टिकाऊच, ही समजूतही तपासून घ्यावी. आइसलँडच्या दक्षिणेला १४ नोव्हेंबर १९६३ रोजी समुद्रातून सुर्टसे हे बेट वर येताना प्रथम दिसले. सुरुवातीचे बेट सुट्या राखेचे होते, ते लाटांनी सहज धुऊन नेले असते. परंतु एप्रिल १९६४ पासून लाव्हारस वाहू लागला आणि त्याने बेटाला कवच दिले. जून १९६७ मध्ये उद्रेक थांबला तेव्हा क्षेत्रफळ सुमारे २.७ चौरस किलोमीटर होते. आज ते जवळपास निम्म्यावर आले आहे. लाव्हाचे पदर पातळ, तडकलेले आणि सुट्या थरावर टेकलेले असल्यामुळे लाटांनी ते झपाट्याने मागे हटवले. उलट राखेचा मधला भाग आतल्या उष्णतेने आणि पाण्याने काही वर्षांतच सांधला जाऊन कठीण खडक झाला, आणि बेटाचा हाच भाग सर्वांत जास्त काळ टिकेल, अशी अपेक्षा आहे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद (कातळफिरस्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जुनी छायाचित्रे पुन्हा पाहिली. सपाट कातळावरची छिद्रे फुटलेल्या तुकड्याच्या आतही दिसतात आणि काहींत पांढरी गाठ शिल्लक आहे, म्हणजे ती वायूचीच ठरतात. तिसऱ्या किनाऱ्यावरच्या छायाचित्रात मात्र एक नवी अडचण दिसली. शिळांपैकी काही चांगल्याच गोल आहेत, आणि त्यांचे पापुद्रे कांद्यासारखे सुटत आहेत. त्या लाटांनी गोल केल्या असाव्यात, असे मी धरून चाललो होतो. तसेच, शेजारच्या पुळणीवरची वाळू काळी होती. ती याच खडकाची समजावी का?

उत्तर (ओहोटीवेळ)

पापुद्रे सुटत असतील तर गोलाई समुद्राने दिलेली नाही. भेगांनी चौकोनी तुकडे झालेल्या खडकात पाणी सर्व बाजूंनी शिरते. कोपऱ्यांवर ते तीन बाजूंनी आणि कडांवर दोन बाजूंनी हल्ला करते, म्हणून कोपरे आधी कुजतात आणि आत गोल गाभा उरतो. हे गोलाभ विदारण कड्याच्या माथ्यावर, मातीखाली, समुद्राचा स्पर्शही न होता घडते. कडा कोसळला की गोल गाभे माती-मुरमासकट खाली येतात आणि लाटा केवळ मऊ भाग धुऊन काढतात. लाटांनी घडवलेला गोटा गुळगुळीत आणि एकसंध असतो, त्याला पापुद्रे नसतात.

काळ्या वाळूचे दोन उगम असू शकतात. तापलेला लाव्हारस थेट समुद्रात शिरला की तो क्षणात फुटून काचेच्या टोकदार कणांचा चुरा होतो. हवाई बेटांवरच्या काही काळ्या पुळणी अशा रीतीने अल्पावधीत तयार झालेल्या आहेत. तिथेच पापाकोलेआ येथे ऑलिव्हीन या जड, हिरव्या खनिजाचे कण मागे राहून वाळू हिरवट झालेली आहे. आपला खडक कोट्यवधी वर्षांपूर्वीचा असल्यामुळे पहिला पर्याय इथे संभवत नाही, कारण तशी काच इतका काळ सुटी राहत नाही. पाण्याच्या संपर्कात तिची माती होते. इथली काळी वाळू एक तर कड्याच्या झिजेतून आलेली असेल, किंवा नदीने आतल्या भागातून आणलेल्या मॅग्नेटाइटसारख्या जड खनिजांची असेल; लाटा हलके कण वाहून नेतात आणि जड कण पुळणीच्या वरच्या पट्ट्यात साठतात.

ओंजळभर वाळू वाळवून कागदावर पसरावी आणि कागदाखालून लोहचुंबक फिरवावा. बहुतेक काळे कण चुंबकामागे झटकन धावले तर ते मॅग्नेटाइटचे समजावेत. बरेचसे जागीच राहिले, तर भिंगाखाली पाहावे: त्यांत कड्यासारखेच बारीक कणांचे, बोथट तुकडे दिसले, तर ती वाळू शेजारच्या कड्याची असण्याची शक्यता अधिक.